लोन मी घेतलं, धिंडवडे सहाशे जणांचे निघाले

लाज वाटतेय पण लिहितोच. लोन ॲपवाले कसे लुटतात ते आता सगळ्यांना माहितीये, सात दिवसांची मुदत, शिव्या, एडिट केलेले फोटो, ते पुराण परत लावत नाही. फक्त हिशोब सांगतो. ९,००० मागितले, खात्यात आले ५,५८०. मधले ३,४२० प्रोसेसिंग फी, जीएसटी आणि कसल्यातरी 'रिस्क सर्व्हिस'चे कापले. जाहिरातीत मुदत ९१ दिवस, पैसे पडल्यावर बघतो तर ७. मग मी भरले ९,०००, वर लेट फी म्हणून ३,६००, आणि वर ५,००० कशाचे माहितीये? 'कॉन्टॅक्ट डिलीट चार्ज'. म्हणजे माझ्याच फोनमधून चोरलेली यादी पुसायची फी. एकूण १७,६००. हातात ५,५८० आले होते, म्हणजे १२,०२० पाण्यात. आणि यादी काही पुसली नाहीच.

आता लगेच 'असं ॲप घेतलंच कशाला' म्हणणारे येतील. पगार अडकला होता, पैसे त्याच दिवशी लागणार होते, आणि एवढ्याशा रकमेसाठी बँक दारात पण उभं करत नाही. ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांनी अक्कल शिकवू नये.

पण एक क्षण असा होता की तिथे मला कळायलाच हवं होतं, आणि तो आठवला की अजून डोकं फिरतं. ॲपने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली, मी नाही दाबलं. परत मागितली, परत नाही दाबलं. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाही म्हटलं की तो पॉपअप परत येत नाही, म्हणजे फोन बिचारा माझ्या बाजूने उभा होता! तर ॲपने मलाच सेटिंगमध्ये नेलं, कुठे दाबायचं ते बाण काढून दाखवलं, आणि मी माझ्या हाताने चालू केलं. त्याच्या आधीच्याच पानावर मी दोन रेफरन्सची नावं नंबर टाईप करून दिली होती हो. दोन माणसं हवी होती ती दिली, मग बाकीचे सहाशे कशाला पाहिजेत? हा साधा प्रश्न तेव्हा पडला नाही. डोक्यात एकच, पैसे कधी पडतात. एपीके, म्हणजे ॲपची फाईल, पण प्ले स्टोअरवरून नाही, मेसेजमधल्या लिंकवरून टाकलेली, फोनने त्यालाही वॉर्निंग दिली होती, ती तर सगळेच ढकलतात.

मग मुदत संपायच्या आधीच त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात माझा पॅन कार्ड हातात धरलेला सेल्फी, 'हा फ्रॉड आहे, तुम्हाला जामीनदार केलंय' असा मेसेज, आणि खाली माझ्या कॉन्टॅक्ट लिस्टचे फोटो, मी ज्या नावाने सेव्ह केलेत तस्सेच. इथे खरी वाट लागली. कारण आपण नावं कशी सेव्ह करतो? 'घरमालक कटकट्या'. 'वकील, दादा डिव्होर्स'. 'शेजारचे काका उधारी १२,०००'. आणि माझी मावसबहीण, तिने ट्रीटमेंटसाठी वेगळं सिम घेतलं होतं, घरात कोणाला सांगितलं नव्हतं, एकदा मीच तिला दवाखान्यात सोडलेलं, म्हणून मी सेव्ह केलं 'ताई आयव्हीएफ नंबर'. त्याच ग्रुपमध्ये तिची नणंद. रिकव्हरीवाल्याने ताईला फोन करून पहिला शब्द काय काढला असेल ते तुम्हीच समजा. तिने कसलं लोन घेतलं नव्हतं, कुठलं बटण दाबलं नव्हतं. माझे पैसे गेले ते मी कमवीन, तिचं काय?

तर आत्ताच्या आत्ता फोन उघडा आणि नावापुढचं शेपूट काढा. आजार, उधारी, कोर्ट, कोणाचं कोणाशी काय, काही नको. खाली नोट्स असतात ना, त्यात लोक पत्ता, वाढदिवस, आधार नंबर पण लिहितात, एटीएमचा पिन कॉन्टॅक्ट म्हणून सेव्ह करणारे महाभाग तर मी स्वतः बघितलेत, अँड्रॉइडवर तेही सगळं ॲपला मिळतं.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर पहिलं वाक्य, "परवानगी तुम्हीच दिली ना?" दुसरं, "पैसे घेतले ना, मग भरायला नकोत का?" मी म्हटलं साहेब भरलेत, तिप्पट भरलेत. मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले आधी हद्दीतल्या स्टेशनला जा. मी म्हटलं तिथूनच आलोय, तर म्हणे लेखी आणा. बँक म्हणते यूपीआय पिन तुम्ही टाकला, फ्रॉड धरता येत नाही. आणि पोलिसांना यादीचं विचारलं तर उत्तर, ज्याला मेसेज गेला त्याने स्वतः येऊन तक्रार द्यावी. म्हणजे सहाशे जणांना रांगेत उभं करू? ताईला सांगू, ये आणि हवालदारासमोर सांग आयव्हीएफचं? एकानेही विचारलं नाही की या यादीचं पुढे काय होणार. पैशाचा आकडा सांगितला की पेन चालतं, माणसांची नावं सांगितली की पेन खाली.

आणि नियम नाहीत असं नाही हां. आरबीआयने सप्टेंबर २०२२ मध्येच लिहून ठेवलंय की लोन ॲपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाईल यांना हात लावायचा नाही. प्ले स्टोअरवर ३१ मे २०२३ पासून लोन ॲपला कॉन्टॅक्ट आणि फोटो मागायला बंदी आहे, म्हणूनच हे लोक बाहेरून एपीके पाठवतात. म्हणजे लोन ॲपने कॉन्टॅक्ट मागितले की तिथेच ॲप उडवायचं, विषय संपला. डिजिटल लेंडिंग ॲपची यादी आरबीआयच्या साईटवर आहे, त्यात नाव शोधा. मात्र लोकांची खासगी माहिती जपायचा २०२३ चा डेटा कायदा घरगुती वापराला लागू नाही, त्यामुळे मी कोणाला काय नावाने सेव्ह करतो त्याच्याशी कायद्याला घेणंदेणं नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं.

ॲप काढलं म्हणजे यादी परत येते असं समजू नका, त्यांच्याकडे गेली ती गेली. पण बाकीच्या ॲपची परवानगी तरी काढा, सेटिंगमधल्या परमिशन मॅनेजरमध्ये कॉन्टॅक्ट उघडून बघा कोण कोण बसलंय, माझ्याकडे टॉर्चचं ॲप निघालं! आयफोनवाल्यांना आयओएस १८ पासून सगळी यादी न देता मोजकेच कॉन्टॅक्ट द्यायची सोय आहे, ती वापरा. काही कॉलर आयडी ॲप पण आपली अख्खी यादी उचलतात, आणि आपण कोणाला ठेवलेलं नाव तिसऱ्याच माणसाला दिसतं. जुने ओएलएक्सवाले, एकदाच आलेले प्लंबर, उडवा सगळे.

पैसे गेले असतील तर लगेच सायबर फ्रॉडच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, उशीर केला की पैसे पुढे सरकतात. धमकीला घाबरून डिलीट चार्ज वगैरे भरू नका, भरला की त्यांना कळतं हा अजून देईल.

आणि तुम्हाला कोणाच्या नावाने असा मेसेज आला तर, तुम्ही कुठे सही केलेली नसेल, तोंडी होकारही दिला नसेल तर तुम्ही जामीनदार नाही, एक रुपया देऊ नका. मेसेज मात्र डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून त्या माणसाला पाठवा. माझ्या तक्रारीला तेच हवे होते आणि निम्म्या लोकांनी घाबरून आधीच पुसून टाकले होते.