टाकीचा बझर ओळखायला घेतलेलं मॅक्स ९८१४ माइक बोर्ड

सोलापूरच्या नव्या पेठेत ‘साउंड सेन्सर’ मागितला की दुकानातला पोरगा वर न बघता निळ्या प्रीसेटचं (पातळी ठरवायच्या स्क्रूचं) छोटं बोर्ड काउंटरवर टाकतो. त्यावर एलएम३९३ ही चिप असते, साठ रुपयांच्या आत येतं आणि कॉलेजची पोरं टाळी वाजवून दिवा लावायच्या प्रोजेक्टला तेच नेतात. मला ते नको होतं. मला एकच ठरावीक सूर ओळखायचा होता, मग आजूबाजूला कितीही दंगा चालू असो. त्यासाठी मॅक्स ९८१४ चिपचं माइक बोर्ड घेतलं, जोडीला आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करायच्या छोट्या बोर्डाची क्लोन, म्हणजे नक्कल. दोन्ही आता आमच्या जिन्याखाली कामाला लागली आहेत.

काम काय ते आधी सांगतो, नाहीतर एवढा खटाटोप कशाला असं वाटेल. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याची किंमत सोलापूरकराला समजवायला नको. खाली हौद भरतो, मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं, टाकी भरली की वरच्या मजल्यावर घरमालकांचा अलार्म वाजतो, मग खाली येऊन मोटर बंद करायची. मोटरचं बटण आमच्या दाराशी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, पाळी कधीही असते. दिवसा घरी फक्त नाना, म्हणजे माझे वडील.

नानांची उभी हयात पूर्व भागात मागावर गेली. धोट्याचा खडखडाट ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकला त्यांचे कान सगळ्या आवाजांना सारखे जात नाहीत. गोंगाटाने येणारा बहिरेपणा बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि तिथून पसरतो. म्हणून नानांना दार आपटलेलं कळतं, रिक्षा कळते, माझी हाक कळते. बझरची बारीक किरकिर मात्र कळत नाही. गच्चीवरून पाण्याची धार अंगणात पडायला लागली की शेजारच्या वहिनी ओरडतात, ती ओरड कळते. पाणी गेलं की घरमालक ऐकवतात, आणि नाना म्हणतात, “वाजतंय तर वाजू दे की, मला काय ऐकू येतंय व्हय?”

अलार्मच्या दोन वायरी खाली आणल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण अलार्म मालकांचा, भिंत मालकांची, आणि आम्ही भाडेकरू. तेव्हा आवाजावरच भागवायचं ठरलं. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या (कोणत्या सुरात किती आवाज ते दाखवणाऱ्या) अ‍ॅपने बझर मोजला, २७५० हर्ट्झच्या जवळ एकच उंच सुळका दिसला. अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद.

निळ्या प्रीसेटचं बोर्ड माझ्या खणात पडून होतंच, तुलनेसाठी तेही लावून पाहिलं. त्यातलं एलएम३९३ हे नुसतं कंपॅरेटर. माइकचा व्होल्टेज ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की पिन बदलते. सूर कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेजारचा माग सुरू झाला, दिवा लागला. कुकरची शिट्टी झाली, दिवा लागला. बझर वाजला तेव्हा मात्र लागेलच असं नाही. काही बोर्डांवर ‘ए-झिरो’ नावाची अ‍ॅनालॉग पिन असते, तिथे माइकचा सिग्नल जवळजवळ न वाढवता येतो, त्यामुळे नॅनोच्या हाती फार काही लागत नाही. टाळीच्या दिव्याला हे बोर्ड ठीक. सूर ओळखायला कुणी विकत असेल तर घेऊ नका.

मॅक्स ९८१४ मध्ये माइकमागे खरा अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि आवाजाप्रमाणे वाढ आपोआप कमी-जास्त करणारी सोय आहे. बोर्डावर पाच पिना: व्हीडीडी, ग्राउंड, आउट, गेन आणि ए-आर. गेन मोकळी सोडली तर वाढ ६० डेसिबल, ग्राउंडला जोडली तर ५०, व्हीडीडीला जोडली तर ४०. आमचा बझर कर्कश आणि जिनाही घुमणारा, म्हणून ४० वर ठेवली. आउटपुट १.२५ व्होल्टवर बसलेलं असतं आणि जास्तीत जास्त २ व्होल्ट शिखर ते शिखर झुलतं. आता नॅनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ५ व्होल्टच्या संदर्भावर ठेवला तर १०२४ पैकी जेमतेम ४१० पायऱ्या वापरल्या जातात. मी बोर्डाला ३.३ व्होल्ट दिले आणि तेच एरेफ (संदर्भ व्होल्टेजच्या) पिनला जोडले, पायऱ्या ६२० च्या आसपास गेल्या. एक काळजी घ्या. एरेफला बाहेरून व्होल्टेज देणार असाल तर प्रोग्रॅममध्ये पहिल्या अ‍ॅनालॉग वाचनाच्या आधी संदर्भ ‘एक्स्टर्नल’ करा, नाहीतर आतला संदर्भ आणि बाहेरचा व्होल्टेज एकमेकांना भिडतात.

आउट आणि नॅनोच्या पिनेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पिनेपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं त्याने दबतं. हे दोन पैशांचं काम लोक टाळतात आणि मग भुतं दिसली म्हणून ओरडतात. नॅनोवरच्या एटीमेगा ३२८ चिपचा एडीसी नेहमीच्या मांडणीत १२५ किलोहर्ट्झच्या घड्याळावर चालतो, एका वाचनाला १३ ठोके, म्हणजे सेकंदाला ९६१५ नमुने. या वेगावर ६८६५ हर्ट्झचा एखादा आवाज आला तर तो हुबेहूब २७५० चं सोंग घेऊन येतो. तो एडीसीच्या आत एकदा शिरला की कुठलंही गणित त्याला वेगळं काढू शकत नाही. अडवायचा तर दारातच. आणि लूपमध्ये साधं अ‍ॅनालॉगरीड वापरू नका, दोन नमुन्यांतलं अंतर हलतं. एडीसी फ्री-रनिंगवर (स्वतःहून सतत वाचत राहील असा) टाकून इंटरप्टमध्ये (प्रत्येक वाचन झालं की लगेच) वाचा.

पुढचं गणित गोर्ट्झेलचं. गेराल्ड गोर्ट्झेल यांनी १९५८ साली मांडलेली ही रीत, फोनच्या बटणांचे सूर ओळखायला वर्षानुवर्षं वापरात आहे. पूर्ण एफएफटी, म्हणजे सगळे सूर एकदम वेगळे काढायचं गणित, करायची गरज नाही. हवा तो एकच सूर विचारायचा, दर नमुन्याला एक गुणाकार आणि दोन बेरजा-वजाबाक्या. मी १९२ नमुन्यांचा गट घेतला. ९६१५ ला १९२ ने भागलं की ५० हर्ट्झ, आणि गटाची लांबी २० मिलिसेकंद, म्हणजे आपल्या विजेचा नेमका एक फेरा. त्यामुळे लायनीची गुणगुण गटात पूर्ण फेऱ्यांनी बसते आणि आपल्या सुरात सांडत नाही. या हिशेबात ५०-५० हर्ट्झचे कप्पे पडतात, २७५० जवळचा कप्पा ५५ वा, गोर्ट्झेलच्या गुणाकारातला त्याचा गुणांक उणे ०.४५४. बझर थोडा इकडेतिकडे सरकतो म्हणून ५४ आणि ५६ हेही कप्पे बघतो.

खरी गोम पुढे आहे. त्या कप्प्यात किती ऊर्जा आली हे पाहून निर्णय घ्यायचा नाही. तिचा गटाच्या एकूण ऊर्जेत किती वाटा आहे, हे पाहायचं. मॅक्स ९८१४ वर इंटरनेटवर एक तक्रार कायम असते की वाढ आपोआप बदलते, म्हणून आकडे भरवशाचे नाहीत. आवाजाची पातळी मोजायची असेल तर ती तक्रार शंभर टक्के खरी, त्या कामाला हे बोर्ड घेऊच नये. पण वाटा काढला की वाढ वर-खाली होऊन काही बिघडत नाही, वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही सारखेच बदलतात. शुद्ध सूर असेल तर वाटा १ च्या जवळ, नुसती खरखर असेल तर शंभरात दोन-तीन. मी ०.३ वर रेघ मारली आहे. रात्री सगळं सामसूम असताना बोर्ड स्वतःची वाढ चढवतं आणि नुसती शीऽ ऐकवतं, तरी या रेघेच्या जवळपास काही फिरकत नाही.

शेजारचा माग मात्र त्रास देणारच होता. त्याचा मोठा भाग खालच्या ढणढणाटात असतो, तो एकूण ऊर्जा फुगवतो आणि बझरचा वाटा घसरतो. उपाय एका ओळीचा निघाला. प्रत्येक नमुन्यातून आधीचा नमुना वजा करायचा. खालचे आवाज झडतात, वरचे राहतात, आणि १.२५ व्होल्टची बैठकही त्याच फटक्यात निघून जाते, सरासरी काढत बसायला नको. दोन माग एकदम चालू आणि आमची खिडकी उघडी, एवढ्यावरही वाटा रेघेच्या वर राहतो. तिसरा सुरू झाला की खिडकी लावावी लागते.

शेवटची चाळणी वेळेची. सलग दहा गट ‘होय’ म्हणाले तर एक ठोका धरायचा, मग शांतता, असे तीन ठोके आले तर रिले (विजेवर चालणारं बटण) लावायचा. कोकीळ सूर चढवत नेते, एका कप्प्यात थांबत नाही. रिक्षाचा हॉर्न एका कप्प्यात थांबतो, पण त्याला बझरचा ताल नाही. रिलेवर एक लाल एलईडी बल्ब, नानांच्या खाटेसमोर. टीव्ही चालू असला तरी डोळ्यात भरतो. रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला झाकण हवंच, ब्रेडबोर्डवर लायनीची वायर नाचवणाऱ्यांना मी कारखान्यात रोज शिव्या घालतो.

एलएम५६७ चं काय, असं जुने लोक विचारतील. रास्त प्रश्न आहे. आठ पायांचा टोन डिकोडर, म्हणजे सूर ओळखणारी चिप, प्रोग्रॅम नाही, काही नाही. मधला सूर म्हणजे १ भागिले (१.१ गुणिले आर गुणिले सी), आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर. ३.३ किलो आणि ०.१ मायक्रो लावले की २७५५ हर्ट्झ, आमच्या बझरला अगदी बेतून शिवल्यासारखं. सूर सापडला की आठवी पिन खाली जाते. मी तोही जोडून पाहिला आणि काही दिवस चांगला चालला. पण त्याचा पट्टा मधल्या सुराच्या १४ टक्क्यांपर्यंत पसरू शकतो, आणि मोठा गोंगाट आत आला की त्याचं लक्ष विचलित होतं. शिवाय इथला उन्हाळा. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यात जे तापतं त्यात साध्या सिरॅमिक चकतीची किंमत सरकते आणि सूरही सरकतो. वापरायचाच तर पॉलिएस्टर कपॅसिटर लावा. शांत घरात, एकाच कामासाठी, मी आजही तो सुचवेन. पूर्व भागात नाही.

आता बोर्डाच्या उणिवा. ए-आर पिन मोकळी असली की वाढ पटकन उतरते पण परत चढायला चार हजार पट वेळ घेते. दार आपटलं की पुढचे काही सेकंद माइक दबलेला. ही पिन ग्राउंडला जोडली की प्रमाण १ ला ५०० होतं, दबलेपण जेमतेम जाणवतं. क्लोन बोर्डाबरोबर हे सांगणारा कागद येत नाही, पिनांची नावं इतकी बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागतं, आणि हेडर सुटे, सोल्डर आपणच करायचं. माइकच्या भोकावर काही आच्छादन नाही. आमच्या गल्लीत कापसाची लव हवेतच असते, म्हणून डबीच्या भोकावर आतून पातळ स्पंज चिकटवला आहे. त्याने बझर किंचितही कमी झाला नाही.

दुकानाबद्दल. पोरगा म्हणाला, “काका, हे महाग पडतंय की, सगळी पोरं तेच निळं नेत्यात.” मी म्हटलं, “त्यांना मार्क पाहिजेत बाबा, मला पाणी वाचवायचंय.” बोर्ड मागच्या खोक्यातून शोधून आणून दिलं, दोनशेच्या आतबाहेर. नॅनो तिथेच संगणकाला लावून एलईडी लुकलुकवून दाखवली, हे मला आवडलं. बिल मागितल्यावर मात्र तोंड वाकडं झालं. एकटं बोर्ड हवं असेल तर ऑनलाइन थोडं स्वस्त पडतं, पण हातात घेऊन, चालवून बघायला मिळतं ते इथेच.

फोनवर मेसेज पाहिजे असेल तर नॅनोऐवजी वाय-फायचं ईएसपी३२ बोर्ड आणि आय-टू-एसवर (आवाजाचे आकडे थेट पाठवायच्या जोडणीवर) बोलणारा आयएनएमपी४४१ डिजिटल माइक घ्या. एडीसीची सगळी कटकट जाते, गणित हेच राहतं. मला मेसेजचा उपयोग नाही. मी कारखान्यात असताना मोटर बंद करायला नानांनाच उठायचंय, आणि त्यांच्या फोनची रिंगही त्यांना ऐकू येत नाही.