३१३५ की ३२३५: रोलेक्सचे सबमरीनर किंवा डेटजस्ट घेण्याआधी मशीनबद्दल थोडे

रोलेक्सचे जुने सबमरीनर ११६६१० घ्यावे की नवे १२६६१०, यावरची चर्चा बहुतेकदा ४० मिलिमीटर की ४१, पट्टा जोडायचे कान (लग) जाड की बारीक, इथेच संपते. तो निकाल घड्याळ मनगटावर चढवले की पाच मिनिटांत लागतो. मशीनचा मात्र काही वर्षांनी लागतो, म्हणून इथे फक्त मशीनबद्दल. ११६६१० मध्ये १९८८ पासून चालत आलेले ३१३५ क्रमांकाचे मशीन आहे, १२६६१० मध्ये २०१५ साली आलेले ३२३५. ३६ मिलिमीटरच्या जुन्या आणि नव्या डेटजस्टमध्येही हाच पेच आहे.

नव्याचे फायदे खरे आहेत. ३१३५ पूर्ण चावीवर सुमारे ४८ तास चालते, ३२३५ सुमारे ७०. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले ३१३५ सोमवारी सकाळी बंद मिळते, ३२३५ चालू असते. ३१३५ ची तारीख रात्री नऊ ते पहाटे दोनच्या दरम्यान झटपट पुढे ढकलू नये. ३२३५ ला हे पथ्य नाही. दोन-तीन घड्याळे आलटून पालटून वापरणाऱ्याला एवढ्यावरच निर्णय घेता येईल, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

३१३५ ची दुखरी जागा म्हणजे रोटरचा, म्हणजे हात हलला की फिरून घड्याळाला चावी देणाऱ्या वजनाचा, आस. ३२३५ चा रोटर बॉल बेअरिंगवर फिरतो, ३१३५ चा आस खड्याच्या बुशमध्ये. तिथले तेल सुकले की आस झिजतो, रोटर कलतो आणि खालच्या पट्टीला किंवा मागच्या झाकणाला घासू लागतो. घासून निघालेली बारीक धातूची पूड मशीनमध्ये उतरते, हे जास्त वाईट. पण हा दोष लपून राहत नाही. घड्याळ कानाशी धरून हलवले तर खरखर ऐकू येते, झाकण उघडले की घासल्याची चकाकती रेघ दिसते. उपायही ठरलेला: नवा आस, मशीनची पूर्ण सफाई, ऑइलिंग. या मशीनवर हात बसलेल्या घड्याळजीला हे रोजचे काम आहे.

३२३५ ची तक्रार वेगळ्या जातीची आहे. सगळ्याच घड्याळांत ती येते असे नाही आणि किती टक्क्यांत येते हे कोणी ठामपणे सांगू नये. पण मालकांच्या आणि घड्याळजींच्या बोलण्यात ती इतक्या वेळा येते की दुर्लक्ष करता येत नाही. पहिली एक-दोन वर्षे घड्याळ दिवसाला ±२ सेकंदांत चालते. मग हळूहळू मागे पडू लागते: आधी ३ सेकंद, पुढे ५, कधी त्याहून जास्त. टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवले की मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स व्हीलचा झोका, म्हणजे अॅम्प्लिट्यूड, उतरलेला दिसतो. उघडल्यावर सेकंद व्हीलच्या टोकाशी तेल सुकून झीज झाल्याचे अनेक घड्याळजी सांगतात.

मुळाशी काय आहे याबद्दल माझा अंदाज असा, आणि तो अंदाजच समजावा. ७० तास मिळवण्यासाठी बॅरलच्या, म्हणजे मुख्य स्प्रिंगच्या डबीच्या, भिंती पातळ करून आत लांब स्प्रिंग बसवली. स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने बॅलन्सला पोचवणाऱ्या क्रोनर्जी एस्केपमेंटमध्ये पॅलेटच्या खड्यांची जाडी निम्मी केली, त्यातून कार्यक्षमता १५ टक्के वाढल्याचा कंपनीचा दावा आहे. म्हणजे मिळालेली ताकद बहुतेक सगळी तास वाढवण्यात खर्ची पडली. गिअरच्या साखळीत कुठे थोडेसे घर्षण वाढले तर ते पोटात घालायला शिल्लक कमी राहते. ३१३५ कडे ती शिल्लक जास्त असावी, असे त्याच्या वागण्यावरून वाटते.

इथे मला खटकलेली गोष्ट येते. दोन्ही मशीनमध्ये वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटरचा काटा नाही. बॅलन्सवरच्या मायक्रोस्टेला नावाच्या छोट्या नटांनी वेग जुळवतात. मागे पडणाऱ्या घड्याळाचे नट फिरवून आकडा शून्यावर आणता येतो, पण झोका तेवढाच लुळा राहतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. त्यामुळे सर्व्हिसिंगनंतर “आता +१ आहे” एवढे ऐकून समाधान मानू नये. आधीचा आणि नंतरचा अॅम्प्लिट्यूड विचारून घ्यावा.

शिवाय पुढे जाणारे घड्याळ आणि मागे पडणारे घड्याळ सांभाळणे यात फरक आहे. माझ्याकडचे ३१३५ थोडे पुढे जाते. वीसेक सेकंद साचले की चावी शेवटच्या टप्प्यावर ओढायची, सेकंद काटा थांबतो, तेवढे सेकंद जाऊ द्यायचे आणि चावी आत. मिनिट काट्याला हात लागत नाही. वीसेक सेकंद मागे पडलेल्या घड्याळात मिनिट काटा एक घर पुढे न्यायचा, मग चाळीस सेकंद थांबायचे. काट्यातल्या ढिलाईमुळे तो रेघेवर बसत नाही, म्हणून थोडा पुढे नेऊन परत आणायचा. हा खेळ दर आठवड्याला, तोही स्क्रूची चावी प्रत्येक वेळी उघडून. चावीचे आटे आणि पॅकिंग त्यासाठी केलेले नसते. दिवसाला एक-दोन सेकंद असतील तर रात्री ठेवायची बाजू बदलून भागते. पाच-सहा सेकंद मागे असेल तर बाजू बदलून काही होत नाही.

३२३५ घ्यायचे ठरलेच असेल, किंवा घेतले असेल, तर एवढे तपासून घ्या. चावीचे ४० फेरे देऊन सहाही बाजूंनी टाइमग्राफरवर वाचन घ्या. प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट स्थिर होऊ द्या. लिफ्ट अँगल, म्हणजे अॅम्प्लिट्यूड काढायला टाइमग्राफरला आधी द्यावा लागणारा कोन, ३१३५ साठी ५२ आणि ३२३५ साठी ५५ अंश धरतात. हा आकडा चुकला तर अॅम्प्लिट्यूडही चुकीचा दिसतो आणि भलतीच धडकी भरते. मग घड्याळ २४ तास न हलवता ठेवा आणि पुन्हा वाचा. पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना, अॅम्प्लिट्यूड २६० अंशांच्या वर असेल तर छान. २४ तासांनी उभ्या बाजूंना २०० च्या खाली उतरत असेल तर वेग कितीही सरळ दिसो, ५ वर्षांची गॅरंटी संपायच्या आत दाखवून घ्या. टाइमग्राफर नसेल तर रोज ठराविक वेळी मोबाइलच्या घड्याळाशी फरक लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला सरकतोय हे महत्त्वाचे.

कपाटात एकच घड्याळ असेल आणि ते रोज हातात असेल, तर ७० तासांचा उपयोग फारसा होत नाही. अशा माणसाला मी ३१३५ कडेच वळवीन. घेताना मात्र शक्यतो शेवटच्या वर्षांतले घ्या. जुन्यांत निळी पॅराक्रोम हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) नसते, आणि ती नसेल तर चुंबकाचा त्रास होऊ शकतो. झाकण उघडून रोटरची कड बोटाने हलकेच वर-खाली करून पाहा. डुलत असेल तर आस बदलायचा आहे असे धरूनच बोलणी करा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रेघ आहे का तेही पाहा.