लच्छीचा पितळी बिल्ला, जांभळी नाका
आमच्या इंडी (देशी) कुत्रीचं नाव लच्छी. पु. शि. रेग्यांच्या 'सावित्री' कादंबरीतली (१९६२), मोर यावा म्हणून सदा आनंदात राहणारी ती लच्छी. नाव दोन अक्षरी, त्यामुळे हाक मारली की लगेच कान टवकारते.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत एका काकांकडून तिचा पितळी बिल्ला करून घेतला. इतर दुकानांत मशीनवर फक्त इंग्रजी अक्षरं; काकांनी देवनागरी हाताने कोरलं. 'च्छी'मधला अर्धा च इतका सुबक उतरलाय की बोट फिरवलं तरी कळतो! मागे मोबाइल नंबर. १५० रुपये, अर्ध्या तासात काम. कडी मात्र पातळ आहे, जाड कडी वेगळी घ्या. काका आधी पेन्सिलीने आखून दाखवतात, तेव्हाच वेलांटी नीट बघून घ्या.