भावांनी फसवून हक्कसोड घेतलं: फिर्याद, जाहीर नोटीस, दावा की मध्यस्थी?

गंगापूर रोडला बंगला, दिंडोरीला द्राक्षबाग. वडील गेल्यावर ‘बँकेच्या कर्जाला सही लागते’ असं सांगून भावांनी बहिणीला दुय्यम निबंधकांपुढे उभं केलं आणि हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं. अशा वेळी बहुतेकजणी आधी पोलीस ठाणं गाठतात. आमच्या मते ते शेवटी, आणि तेही मोजक्याच प्रकरणांत.

मार्ग कोणताही निवडा, आधी दस्ताची प्रमाणित प्रत, ताजा सातबारा आणि फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद) काढा. फेरफार प्रमाणित झाला नसेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण त्याच्याच जोरावर गिऱ्हाईक उभं राहतं.

सही खोटी असेल किंवा तुमच्या जागी दुसरीच बाई उभी केली असेल, तर फिर्याद भक्कम ठरते (१ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा प्रकार असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८, ३३६). सही तुमचीच असेल तर ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. गुन्हा दाखल झाला तरी तेवढ्याने दस्त रद्द होत नाही. शिवाय घराण्याचं नाव पेपरात आलं की भाऊ बोलणीच बंद करतात.

जाहीर नोटिशीने खरेदीदार सावध होतो, खरेदीखत मात्र थांबत नाही. गट नंबर आणि तुमचा हिस्सा, एवढंच छापा. ‘लबाड’, ‘लुटारू’ लिहिलंत की अब्रुनुकसानीची फिर्याद तुमच्यावर उलटू शकते.

खरं काम दाव्याने होतं. वाटप, हक्कसोड रद्द आणि मनाई हुकूम (विक्री थांबवणारा कोर्टाचा आदेश) एकत्रच मागा. दस्त रद्द करून घ्यायची मुदत फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. भाऊ म्हणणार, ‘नोंदणीच्या दिवशीच कळलं होतं.’ म्हणून कधी आणि कशावरून कळलं ते दाव्यात नेमकं लिहा. सातबाऱ्याच्या नकलेवरची तारीख इथे कामाला येते. सगळ्या मिळकती आणि सगळे हिस्सेदार दाव्यात घ्या. बंगला टाकून नुसती बाग धरली की अर्धवट वाटपाची हरकत येते. दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना) दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र असेल तर गणित बदलतं. दाव्याला वर्षं लागतात, हे खरंच. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मध्यस्थीत भांडण चार भिंतींत राहतं, म्हणून मोठ्या घराण्यांना ती सोसते. पण मनाई हुकूम हातात नसताना बसलात तर भाऊ बोलणी लांबवतात आणि तेवढ्यात बाग विकली जाते. आधी दावा आणि मनाई, मग मध्यस्थी, हाच क्रम आम्ही सुचवू. तडजोड लोकअदालतीत नोंदवली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ मिळतं, अपील राहत नाही आणि कोर्ट फी परत मिळते. ५०० च्या स्टॅम्पवर घरगुती वाटणी लिहून, नोंदणी न करता उठू नका. हिश्श्यापोटी रक्कम ठरली असेल तर पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. खात्यात आरटीजीएस जमा झालेलं पाहून मगच सही करा.