शनिवार रात्री आठ ते रविवार रात्री आठ : नागपुरातील एका नाट्यकार्यशाळेविषयी

गेल्या महिन्यात पश्चिम नागपुरातील एका शाळेच्या सभागृहात येथील एका हौशी नाट्यसंस्थेने चोवीस तासांची नाट्यनिर्मिती कार्यशाळा घेतली. शनिवारी रात्री आठला जमायचे, रात्रीतून दहा मिनिटांचे नाटुकले लिहायचे, रविवारी दिवसभर त्याची तालीम करायची आणि रात्री आठच्या आत ते प्रेक्षकांसमोर सादर करायचे, असे तिचे स्वरूप होते. शुल्क १,२०० रुपये होते आणि त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता व लागेल तेवढा चहा धरलेला होता. मी लेखिका म्हणून नाव नोंदवले होते. महाविद्यालयात असताना तीन वर्षे एकांकिका स्पर्धांत काम केले, त्यानंतर नोकरी आणि संसारात ते सुटले ते सुटलेच. त्यामुळे हे परीक्षण केवळ प्रेक्षकाचे नाही, तर पैसे भरून, रात्रभर जागून त्या प्रक्रियेतून गेलेल्या व्यक्तीचे आहे, हे आधीच सांगते.

ही पद्धत मुळात न्यूयॉर्कची. टीना फॅलन यांनी १९९५ साली तेथे ती सुरू केली. चोवीस तासांत चोवीस पानांचे कॉमिक काढण्याचा जो प्रयोग स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९० साली केला होता, त्यावरून फॅलन यांना ही कल्पना सुचली. दहा मिनिटांच्या नाटकांचे महोत्सव निराळे, त्यांत महिना-दोन महिने तालीम करण्यास कोणाची हरकत नसते. येथे मात्र शनिवारी संध्याकाळपर्यंत कोणाच्या हातात एक ओळही असता कामा नये, हा पहिला आणि सर्वांत कडक नियम आहे, आणि आयोजकांनी तो काटेकोरपणे पाळला. एका लेखकाने घरून आणलेली वही त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे बाजूला ठेवायला लावली.

वेळेची मर्यादा हेच या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे, असे जाण्यापूर्वी मलाही वाटत होते. प्रत्यक्षात मला महत्त्वाचा वाटला तो उलटा क्रम. आपल्याकडे १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी महाविद्यालयीन एकांकिकेची जी घडी बसवली आहे, तीत संहिता आधी ठरते आणि मग त्या संहितेसाठी मुले-मुली शोधली जातात. आजोबांच्या भूमिकेसाठी वीस वर्षांच्या मुलाच्या केसांना पांढरी पावडर लावली जाते. येथे माणसे आधी समोर बसतात, आणि लेखकाला त्यांच्यासाठीच, त्यांच्या वयासाठी, आवाजासाठी आणि बोलीसाठी लिहावे लागते. दोन-तीन महिने हाताशी असते तरी असे लिहिण्याची सक्ती मला कोणी केली नसती.

शनिवारची पहिली दोन तासांची बैठक म्हणूनच या कार्यशाळेतील सर्वांत मोलाचा भाग होय. प्रत्येक नटाने घरून एक वस्तू आणायची होती आणि ती हातात घेऊन आपल्याविषयी दोन मिनिटे बोलायचे होते. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक काका आपला तिकिटांना भोके पाडायचा पंच घेऊन आले होते. तिकिटांची यंत्रे आल्यावर त्याचे काम संपले, पण त्यांनी तो जपून ठेवला होता. बोलताना त्यांचे लक्ष आमच्याकडे होते आणि बोटे मात्र पंचावर होती. वाक्य संपले की टिक-टिक, पुढचे वाक्य सुचेपर्यंत पुन्हा टिक-टिक. गाडीच्या गर्दीत मागून पुढे सरकत येणारा तो आवाज आमच्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी हेल्मेट घेऊन आली होती, आणि एका गृहिणीने लग्नात मिळालेला, झाकणाला पोचा पडलेला पितळी डबा आणला होता. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा हे तिघेही माझ्या वाट्याला आले.

रात्री साडेदहापासून आम्ही पाच लेखक शाळेच्या पाच वर्गांत बसलो. बाके लहान मुलांची असल्याने गुडघे अडकत होते आणि जानेवारीतील नागपूरची थंडी खिडक्यांच्या फटींतून आत येत होती. तरी ती रात्र छान गेली, याचे श्रेय मी मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या ज्येष्ठ रंगकर्मींना देते. ते दर दीड तासाने फेरी मारत आणि संहितेविषयी कोणतेही मत न देता ‘मोठ्याने वाचा, मी घड्याळ लावतो’ एवढेच म्हणत. दोन वाजता माझे वाचन सतरा मिनिटांवर गेले. सात मिनिटे कमी करायची म्हणजे सुशोभित वाक्ये काढून भागत नाही, एक आख्खा प्रसंग काढावा लागतो. मी आजोबांचे पूर्वायुष्य सांगणारा प्रसंग काढून टाकला. ते सगळे पंचाच्या आवाजातच आहे, हे मला तेव्हाच उमगले. नाटुकल्यात उरले ते एवढेच : नात नोकरीसाठी पुण्याला निघाली आहे, सून डब्यात चिवडा भरते आहे, आणि आजोबा कोणालाही निरोप देण्याऐवजी खुर्चीत बसून पंच वाजवत आहेत.

आणखी एक गोष्ट या उलट्या क्रमामुळे घडली. वऱ्हाड-नागपूरकडचे आम्ही लोक नाटक लिहायला बसलो की नकळत पुण्या-मुंबईचे मराठी लिहू लागतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात नात विचारत होती, ‘आजोबा, तुम्ही काय करताय?’ त्या मुलीला मी चार तासांपूर्वी बोलताना ऐकले होते, त्यामुळे ते वाक्य कानाला खोटे लागले. ‘आबा, काय करून राहिले तुम्ही?’ असे लिहिल्यावर पुढची चार वाक्ये आपोआप आली. सादरीकरणात याच ओळीला सभागृहात जी ओळखीची कुजबुज झाली, तिच्यासाठी मी १,२०० रुपये पुन्हा भरीन.

पहाटे साडेपाचला संहिता द्यायच्या होत्या आणि सर्वांनी त्या दिल्याही. येथून पुढे मात्र आयोजनातील उणिवा दिसू लागल्या. पाच संहितांच्या प्रती काढायला एकच प्रिंटर होता आणि त्यात कागद अडकत राहिला. दोन गटांच्या हाती प्रती पडायला पाऊण तास उशीर झाला. ज्यांना पाठांतरासाठी जेमतेम आठ तास मिळणार आहेत, त्यांचा पाऊण तास असा जाणे हा गंभीर दोष आहे. रविवारी सकाळी झेरॉक्सची दुकाने उघडी नसतात, हे नागपुरात कोणालाही ठाऊक आहे. दुसरा प्रिंटर आदल्या दिवशीच आणून ठेवायला हवा होता. नाश्त्याला तर्री-पोहे होते आणि ते उत्तम होते, याहून अधिक त्याविषयी सांगण्याची गरज नाही.

लेखकांनी सकाळी घरी जाऊन झोपावे आणि थेट चार वाजता यावे, असा नियम होता. रात्रभर जागलेल्या माणसाला तालमीपासून दूर ठेवण्यात शहाणपण आहे, कारण तो प्रत्येक वाक्यासाठी दिग्दर्शकाशी हुज्जत घालील. तरीही हा नियम जसाच्या तसा राबवणे मला पटलेले नाही. मी चारला आले तेव्हा आमच्या दिग्दर्शकाने नाटुकल्याच्या पूर्वार्धाला करुण बासरी लावली होती. संपूर्ण संहिता पंचाच्या आवाजावर उभी आहे आणि बासरीत तो आवाज बुडतो, हे मी सांगून पाहिले. तोवर नटांच्या हालचाली संगीतावर बसल्या होत्या, त्यामुळे बदल करायला दिग्दर्शक तयार झाले नाहीत, आणि त्या घडीला त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. प्रयोगात पहिली चार मिनिटे बासरीच ऐकू आली. दुपारी बाराच्या सुमारास लेखकाला अर्ध्या तासासाठी बोलावले, निदान फोनवर जोडून घेतले, तर एवढा मोठा बदल वेळेत सावरता येईल. आयोजकांनी ही एक सुधारणा करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पाठांतराची अडचण सर्वच गटांना आली आणि तेथेही एक नियम आड आला. प्रॉम्प्टर ठेवायला मनाई होती. आपल्या पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंजपासून गावोगावी, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. थोड्या तालमीवर, प्रॉम्प्टरच्या भरवशावर तेथील नट हजारोंच्या गर्दीसमोर उभे राहतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. एका दिवसात नाटक उभे करण्याची कला आपल्या दाराशी असताना तिच्यातील हे साधन नाकारण्याचे कारण मला कळले नाही. आमच्या काकांना साठी उलटल्यावर एवढ्या ओळी पाठ होईनात, तेव्हा दिग्दर्शकाने एक सुरेख तोड काढली. काकांच्या हातात वेबिलाचे, म्हणजे वाहक तिकिटांचा हिशेब लिहितो त्या कागदाचे, पॅड दिले आणि त्यावर ठळक अक्षरांत ओळी लिहून ठेवल्या. निवृत्त वाहक चष्मा सरसा करून वेबिल पाहतो आहे, यात कोणाला काय वावगे वाटणार? बासरीविषयीची माझी नाराजी बाजूला ठेवून मी या युक्तीचे मनापासून कौतुक करते.

तांत्रिक तालमीला प्रत्येक गटाला पंधरा मिनिटे मिळाली. ती अपुरी होती. त्यातच सगळे दिवे एकदम लावताच सभागृहाचा विद्युतभार सोसेना आणि दोनदा वीज गेली. अखेर दोन हॅलोजन बंद ठेवून काम भागवावे लागले. सात वाजताचा कार्यक्रम सात पस्तीसला सुरू झाला आणि चोवीस तासांची मर्यादा अर्थातच ओलांडली गेली. ज्या शाळेत स्नेहसंमेलनापलीकडे काही होत नाही, तेथे प्रकाशयोजनेचा आग्रह न धरता साध्या पांढऱ्या उजेडात सर्व प्रयोग करणे अधिक बरे झाले असते. अशा नाटुकल्यांना ब्लॅकआउटखेरीज फारसे काही लागत नाही.

प्रेक्षक सव्वाशेच्या आसपास होते, आणि तेही सहभागींचे नातेवाईक व मित्रच. तिकीट नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, आणि पहाटे साडेपाचला पूर्ण झालेल्या संहितेला संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र कोठून मिळणार? आयोजकांनी हे सादरीकरण निमंत्रितांपुरते ठेवले आणि तसे आरंभीच स्पष्ट सांगितले, हे मला योग्य वाटले.

पाचांपैकी दोन नाटुकली ओळी विसरल्यामुळे कोलमडली आणि एक शेवटी भाषणाच्या वळणावर गेले. पण संत्र्याच्या बागेतील अंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या पिकाचा, सौदा ठरवताना बागायतदार आणि व्यापारी यांच्यात जी घासाघीस होते, त्यावरचे नाटुकले मी कोणत्याही स्पर्धेच्या अंतिम फेरीत आनंदाने पाहीन. दोघेही आकडा तोंडाने बोलत नव्हते, रुमालाखाली बोटांनी सांगत होते. तो रुमाल त्यातील एका नटाने आदल्या रात्री सहज म्हणून आणलेला होता.

आमच्या नाटुकल्याच्या शेवटी नात ‘निघते आबा’ म्हणते, आणि काका वेबिल खाली ठेवून विचारतात, ‘कुठचं?’ ती म्हणते, ‘पुणे.’ बासरी तोवर थांबली होती. काकांनी खिशातून जुने गुलाबी तिकीट काढले, पंच केले आणि तिच्या हेल्मेटमध्ये टाकले. ती टिक शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली.

पुढची कार्यशाळा उन्हाळ्यानंतर घेण्याचा संस्थेचा विचार आहे. लेखक म्हणून जाणाऱ्यांनी स्वतःची उशी आणि पांघरूण न्यावे, लॅपटॉपऐवजी वही वापरावी, आणि शनिवारच्या बैठकीत टिपणे काढण्यात वेळ न घालवता समोरची माणसे नीट ऐकावीत. नट म्हणून जाणाऱ्यांनी नवीकोरी, शोभेची वस्तू नेऊ नये. अनेक वर्षे हाताळलेली न्यावी. मी या वेळी नटांच्या यादीत नाव देणार आहे, आणि काय न्यायचे ते अजून ठरलेले नाही.