अर्धवट मोहिमेचे दोन वारसदार: आधी ‘न्यू व्हॉयेजेस’ की आधी ‘कंटिन्यूज’?

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत धान निघाला आणि गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की रात्रभराची नाटके सुरू होतात. एखाद्या गाजलेल्या भूमिकेतला नट कंपनी सोडून गेला तर पुढच्या प्रयोगाला त्याच पोशाखात दुसरा उभा राहतो, आणि मांडवातले प्रेक्षक पहिला अंकभर नव्याला जुन्याच्या मापाने मोजत बसतात. दुसऱ्या अंकात नाटकाने पकड घेतली तर हे मोजमाप आपोआप थांबते. नाही घेतली, तर लोक शेंगा विकत घ्यायला उठतात. चाहत्यांनी स्वखर्चाने किंवा वर्गणीतून पुढे चालवलेल्या जुन्या विज्ञानमालिका पाहताना मला हीच कसोटी उपयोगी पडली. ‘स्टार ट्रेक’चे असे दोन मोठे वारसदार आहेत, आणि ज्यांच्याकडे वेळ, इंटरनेट आणि इंग्रजी तिन्ही बेताचे आहे त्यांनी त्यांपैकी कुठला आधी हाती घ्यावा, एवढाच येथे प्रश्न आहे.

मूळ ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली आणि ७९ भागांनंतर बंद पडली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क पाच वर्षांच्या मोहिमेची घोषणा करतो, परंतु प्रेक्षकांच्या वाट्याला त्यातली तीनच वर्षे आली. (पंचवार्षिक योजना अर्धवट राहण्याचे आपल्याला फारसे नवल नाही, पण ते लोक मनाला लावून बसले.) दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्या आमच्या पिढीला कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय हे त्रिकूट आठवत असेल. ही उरलेली वर्षे पूर्ण करणे हाच दोन्ही चाहता-मालिकांचा मूळ हेतू होता.

पहिली ‘न्यू व्हॉयेजेस’, जिला पुढे ‘फेज टू’ असेही नाव मिळाले. तिचा कर्ता जेम्स कॉली हा व्यवसायाने एल्व्हिस प्रेस्लीची गाणी रंगमंचावर सादर करणारा कलावंत होता आणि कर्कची भूमिकाही त्याने स्वतःकडेच घेतली. पहिला भाग २००४ मध्ये आला. जहाजाचा नियंत्रण-कक्ष, माणसांना क्षणात दुसरीकडे पोहोचवणारा वाहक-कक्ष, दवाखाना, सारे मूळ आराखड्यांबरहुकूम उभारले गेले, आणि तेही हॉलिवूडमध्ये नव्हे, तर न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाकडे. टिकोंडेरोगा हे तिथले लहानसे गाव अमेरिकी चित्रव्यवसायाला तितकेच आडवळणाचे आहे, जितके मुंबईच्या नाट्यव्यवसायाला आमचे वडसा. तेथील नेपथ्य इतके अचूक होते की २०१६ पासून ते अधिकृत परवान्याने पर्यटकांना दाखवले जाऊ लागले.

या मालिकेचे खरे बळ मात्र नेपथ्यात नाही, तर जुनी मंडळी स्वतःहून तिच्याकडे आली यात आहे. मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फॉन्टाना यांनी तिच्यासाठी कथा लिहिली आणि त्या भागात जहाजावरचा दिशादर्शक चेकॉव्ह याची भूमिका मूळ नट वॉल्टर कोएनिग यांनीच केली. डेव्हिड जेरॉल्ड यांची १९८०च्या दशकात पडद्यावर येता येता अडलेली ‘ब्लड अँड फायर’ ही संहिता येथे दोन भागांत साकारली गेली. एड्सच्या काळातली भीती आणि समलिंगी नाते या दोहोंना भिडणारी ती कथा त्या वेळी व्यावसायिक दूरचित्रवाणीला झेपली नव्हती, आणि हौशी मंडळींनी ती वीस वर्षांनी पेलली.

सर्वांत वरचा भाग २००७ चा ‘वर्ल्ड इनफ अँड टाइम’. एका अपघातात जहाजाचा सुकाणूधारी सुलू नाहीसा होतो आणि क्षणार्धात परततो, पण त्याच्यापुरती तीस वर्षे उलटून गेलेली असतात आणि सोबत त्याची तरुण मुलगी असते. वृद्ध सुलूचे काम जॉर्ज टाकेई यांनी केले आहे. मूळ मालिकेत जहाजाच्या सुकाणूपुढे बसून मोजकी वाक्ये बोलणाऱ्या या नटाला येथे बाप म्हणून निवड करावी लागते, आणि त्या वेळी कर्क कोण करतो आहे हे आपण साफ विसरतो. हा भाग विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या २००८ च्या अंतिम यादीत होता. पुरस्कार गेला तो ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या ‘ब्लिंक’ला, आणि त्या भागापुढे हरण्यात कमीपणा नाही.

परंतु पाहुणे नसले की ‘न्यू व्हॉयेजेस’चा तोल जातो. सुरुवातीच्या भागांत आवाजाची नोंद कच्ची आहे, काही नट संवाद म्हणतात आणि काही तो वाचून दाखवतात, भागाभागांमध्ये मोठे खंड पडले आहेत, आणि मध्येच नटही बदलले आहेत. मी स्वतः गावातल्या हौशी मंडळात कित्येक वर्षे पडद्याआडून वाक्ये पुरवली आहेत, त्यामुळे नटाची नजर कुठे अडकली हे मला लगेच दिसते. इतरांना ते कदाचित एवढे खुपणार नाही.

दुसरी ‘स्टार ट्रेक कंटिन्यूज’, २०१३ ते २०१७, एकूण ११ भाग. कर्कची भूमिका करणारा विक मिन्योना हाच तिचा कर्ता असून तो व्यवसायाने आवाजाचा नट आहे, आणि हा फरक पहिल्या दृश्यापासून कानाला जाणवतो. मिन्योना कर्कची नक्कल करतो, पण त्या नकलेला श्वास आहे. जहाजाचा अभियंता स्कॉटी याची भूमिका मूळ स्कॉटी जेम्स डूहान यांच्या मुलाने केली आहे. चित्राची चौकट जुन्या टीव्हीसारखी चौकोनीच ठेवली आहे, आणि प्रकाशयोजना तर अशी की मधूनच एखादे दृश्य १९६८ चे वाटावे. पहिल्याच भागात मूळ मालिकेतला ग्रीक देव अपोलो परततो, आणि तो मायकेल फॉरेस्ट या मूळ नटानेच साकारला आहे. ‘फेअरेस्ट ऑफ देम ऑल’ हा भाग १९६७ च्या ‘मिरर, मिरर’ची कथा ती जेथे सुटली तेथूनच उचलतो. कॉलिन बेकर आणि निकोला ब्रायंट ही ‘डॉक्टर हू’मधील जोडीही येथे वेगवेगळ्या भागांत भेटते, म्हणून त्या मालिकेच्या चाहत्यांना थोडी वरकमाई आहे.

या मालिकेत नसते ते धाडस. ‘न्यू व्हॉयेजेस’ने ‘ब्लड अँड फायर’मध्ये जी जोखीम घेतली, तशी ‘कंटिन्यूज’ क्वचित घेते; स्त्रीला कॅप्टनपद का नाही, हा प्रश्न तिने एका भागात विचारला खरा, पण उत्तर देताना ती सांभाळूनच बोलते. असे असूनही माझे मत तिच्या बाजूने झुकते, आणि त्याचे कारण एकच आहे: तिला संपायचे कुठे हे ठाऊक आहे. शेवटचा ‘टू बोल्डली गो’ हा दोन भागांचा शेवट १९६६ च्या ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या कथेकडे परत जातो, पाच वर्षे पूर्ण करतो, आणि १९७९ च्या चित्रपटात कर्क ॲडमिरल होऊन कार्यालयात का बसला आहे व स्पॉक व्हल्कन या आपल्या ग्रहावर का निघून गेला आहे, याची संगती लावून देतो. अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे नेणारे पुष्कळ असतात, पण तिला पैलतीर दाखवणारे मोजके.

तेव्हा व्यवहाराचे बोलायचे तर, एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ‘वर्ल्ड इनफ अँड टाइम’ पाहावा. रब्बीची कामे आटोपल्यावर आठवड्याला एक भाग असा बेत जमणार असेल, तर ‘कंटिन्यूज’ पहिल्यापासून क्रमाने पाहावी. भाग साधारण पाऊण ते एक तासाचा असतो आणि मोबाइलवर मध्यम दर्जात पाहिला तर दिवसाच्या दीड जीबीत सहज बसतो. इंग्रजीची अडचण असेल तरी ‘कंटिन्यूज’च सोयीची, कारण तिचे उच्चार स्पष्ट आहेत, आणि खालची इंग्रजी अक्षरे सुरू ठेवली की बरेच अंगवळणी पडते. ज्यांनी मूळ मालिका मुळीच पाहिली नाही, त्यांनी मात्र दोहोंपैकी एकीलाही हात लावण्यापूर्वी वर उल्लेखलेले ‘मिरर, मिरर’ आणि ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हे दोन भाग आणि अपोलोचा ‘हू मोर्न्स फॉर ॲडोनेस?’ हा तिसरा, एवढे पाहून घ्यावेत.

‘स्टार ट्रेक’च्या इतर चाहता-निर्मितींविषयी थोडक्यात. ‘हिडन फ्रंटियर’ने २००० ते २००७ या काळात तब्बल ५० भाग काढले, पण ते हिरव्या पडद्यापुढे उभे राहून, मागचे दृश्य नंतर संगणकावर जोडून केलेले काम आहे आणि तिच्यातली पात्रे नवीन आहेत, चिकाटीचे कौतुक वाटते, पाहवत मात्र नाही. ‘प्रील्यूड टू ॲक्झनार’ हा २०१४ चा वीसेक मिनिटांचा लघुपट दिसायला सर्वांत देखणा, परंतु तो प्रस्तावनाच राहिला, कारण पुढच्या मोठ्या चित्रपटावरून मालक कंपन्यांनी २०१५ च्या अखेरीस दावा लावला. त्या वादातून २०१६ मध्ये चाहत्यांसाठी नियम आले: एका कथेला १५ मिनिटे, दोन तुकडे मिळून जास्तीत जास्त ३०, वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत, पुढचे भाग काढायचे नाहीत, आणि मूळ मालिकांत काम केलेल्यांना घ्यायचे नाही. म्हणजे टाकेईंचा सुलू किंवा फॉरेस्ट यांचा अपोलो आज या नियमांत बसला नसता.

ज्यांना रात्री शेतात जागलीला बसावे लागते आणि रानडुकरांकडे डोळा ठेवून कानाने काही ऐकायचे असते, त्यांच्यासाठी ‘डॉक्टर हू’ची वाट वेगळी आहे. तिथल्या चाहत्यांनी १९८०च्या दशकात कॅसेटवर श्राव्य नाटके काढली, आणि त्याच मंडळींपैकी काहींनी पुढे ‘बिग फिनिश’मधून १९९९ पासून परवान्यासह मूळ नटांना घेऊन ती चालू ठेवली. ती विकत घ्यावी लागतात, आणि हौशीपणाचा कच्चा वासही त्यांना आता उरलेला नाही. पण माचाणावर बसून ऐकायला चित्र लागत नाही, आणि ‘टू बोल्डली गो’चे दोन भाग तर मुळीच असे तुकड्यातुकड्याने पाहू नयेत, ते घरी, एकाच रात्री, सलग पाहण्यासाठी राखून ठेवावेत.