मंडळाचा पैसा आशाताईंसाठी लावायचा तर कशावर? शिबिर, मोबाईल की फिरती नर्स

मे महिन्यातल्या पूजेला किंवा गणपतीतल्या सभेत हा विषय निघतोच. मुंबईकर मंडळाच्या खात्यात चार पैसे जमलेले असतात आणि कोकणातल्या आपल्या गावच्या आरोग्यासाठी काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटतं. पहिली सूचना आरोग्य शिबिराची, दुसरी रुग्णवाहिकेची. शिबिरात दिवसभर बीपी आणि शुगर मोजतात, चष्मे वाटतात, फोटो निघतात आणि डॉक्टर संध्याकाळच्या गाडीने परत जातात. रुग्णवाहिका घेणं सोपं, पण चालक, डिझेल आणि विमा वर्षानुवर्षं पोसणं कठीण. या दोन्हींवर इथे वेळ घालवत नाही. गावात आधीपासून राबणाऱ्या माणसांना तयार करायचं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, एवढं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हा आढावा आहे. ही माणसं म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, उपकेंद्रातली आरोग्यसेविका आणि तिथलाच समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ.

पर्याय मुख्यतः तीन. आशाताईंना चार-पाच दिवस बाहेर नेऊन निवासी प्रशिक्षण द्यायचं, मोबाईलवर शिकवायचं, किंवा एक अनुभवी नर्स पगारावर ठेवून ती वाडीवाडीत त्यांच्याबरोबर फिरेल असं बघायचं. चौथाही एक आहे, गावातल्या मुलीला नर्सिंगला पाठवायचं. त्याचं शेवटाकडे बघू.

आधी आपल्या किनाऱ्याचा हिशेब

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, असं गणित. घाटावर हजार लोक एका गावठाणात सापडतात. आपल्याकडे तेच हजार लोक सात-आठ वाड्यांत विखुरलेले, मध्ये पऱ्या म्हणजे ओढे, चढ, आणि कुठे खाडी आडवी. दाभोळ समोर दिसतं, पण फेरीबोट बंद असेल तर धोपाव्याहून तिथे जायला वाशिष्ठीला किती मोठा वळसा पडतो, हे तिथल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट माणसांची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. तरुण मुंबईला, म्हातारी माणसं घरी. आशाताईचं सुरुवातीचं प्रशिक्षण मात्र प्रामुख्याने बाळंतपण, लसीकरण आणि बाळ याभोवती बेतलेलं. वाडीत वर्षाला दोन पाळणे हलतात आणि बीपीच्या गोळ्या मध्येच सोडून दिलेली चाळीस म्हातारी माणसं आहेत, असं चित्र काही आगळं नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तपासणी फॉर्म भरायचं काम तिला आता दिलंय, पण फॉर्म भरणं वेगळं आणि आजोबा गोळ्या का घेत नाहीत हे काढून घेणं वेगळं.

त्यात हंगामी माणसं. आंब्याच्या बागांत आणि होड्यांवर येणारे नेपाळी कामगार, रायगडातून वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबं. यांची नोंद नेमकी कुणाच्या यादीत, हा वाद कायमचा. कोणताही पर्याय निवडताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर पुण्यात छापलेलं साचेबंद प्रशिक्षण आणाल आणि इथे ते बसणार नाही.

निवासी प्रशिक्षण

याच्या बाजूने पहिला मुद्दा साधा आहे. घरातून बाहेर पडल्याशिवाय बाईला शिकायला सलग वेळ मिळत नाही. चार दिवस चूल, गुरं आणि सासू-सासरे यांतून सुटका झाली की ती मोकळेपणाने प्रश्न विचारते. दुसऱ्या तालुक्यातल्या बायका भेटतात. 'माझ्याच वाडीत असं होतं' हा समज जातो.

काही कौशल्यं तर अशीच शिकता येतात. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कने श्वास द्यायचा असतो. हे बाहुल्यावर पुन्हा पुन्हा केल्याशिवाय हातात बसत नाही, आणि उपकेंद्रात असा प्रसंग इतका क्वचित येतो की तिथे सराव होणार नाही. विंचू आणि सर्पदंशाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात काम करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवलं आणि ते लॅन्सेटसारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याच किनाऱ्यावरचं हे ज्ञान आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या, म्हणजे पीएचसीतल्या, नव्या नर्सला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. फुरसं हा विषारी साप चावलेल्या माणसाचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात उतरलंय. नळी धुतलेली पण ओलसर असली किंवा कुणी मध्येच हलवून बघितली की निकाल फसतो. अशा गोष्टींसाठी एक दिवसाचं प्रात्यक्षिक मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर ठेवलं तर पैसा सत्कारणी लागतो.

आता उणी बाजू. शिकलेलं टिकत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि सहा महिन्यांनी हात पुन्हा चाचपडतात. शिवाय आशाताईला नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. चार दिवस बाहेर म्हणजे चार दिवसांचं काम बुडालं. ती भरपाई मंडळाच्या अंदाजपत्रकात बहुतेक वेळा नसतेच, जेवणाचं कंत्राट मात्र असतं. तारखा ठरवणारे मुंबईत बसलेले असले तर लावणीच्या दिवसांत बोलावतात किंवा शिमग्यात. मग निम्म्या येत नाहीत आणि 'बायकांना उत्साह नाही' असा अहवाल जातो. चार दिवसांचं प्रशिक्षण भातकापणी उरकल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवा.

मोबाईलवरचं प्रशिक्षण

स्वस्त आहे आणि म्हणून सगळ्यांना आवडतं. देणगीदाराला 'इतक्या जणींपर्यंत पोचलो' असा आकडा लगेच दाखवता येतो. तो आकडा व्हिडिओ उघडल्याचा असतो, शिकल्याचा नाही.

रेंजचं रडगाणं आता पूर्वीइतकं नाही, पण संपलेलंही नाही. खाडीकाठच्या वाडीत घरात सिग्नलची एक कांडी आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गेलं की चार, ही गोष्ट कोकणात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यातून आशाताईच्या फोनवर आधीच सरकारी ॲप, त्यांचे पासवर्ड आणि व्हॉट्सॲपचे दहा ग्रुप. मंडळाने अकरावा काढला तर तिचे उपकार मानायचे की तिने आपले?

तरीही हा पर्याय मोडीत काढू नका. तो कुणासाठी वापरायचा एवढंच पाहा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ साली एक पद्धत सुरू केली. गावोगावचे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमायचे, स्वतःचा एकेक रुग्ण मांडायचे आणि विद्यापीठातले तज्ज्ञ त्यांच्याबरोबर विचार करायचे. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या रुग्णांवर गावातल्या डॉक्टरांनी असे केलेले उपचार विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच यशस्वी ठरले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतातही ही पद्धत आली आहे. तिच्यात भाषण नाही, रुग्ण आहे, आणि रुग्ण शिकणाऱ्याचा स्वतःचा आहे. सीएचओ, आरोग्यसेविका आणि पीएचसीच्या डॉक्टरांसाठी हे उत्तम जमतं, कारण त्यांच्या हाताला मूळ कौशल्य असतं आणि अडतं ते निर्णयापाशी. पावसात ताप घेऊन आलेला, चिखलात काम केलेला माणूस लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) समजून लगेच औषध सुरू करायचं का रिपोर्टची वाट बघायची? सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापही, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप, बघावा लागतो. अशा प्रश्नांवर पंधरवड्यातून एक तास एखाद्या जाणत्या फिजिशियनबरोबर, मराठीत, स्वतःच्या रुग्णांवर बोलायला मिळणं ही मोठी सोय आहे. खर्च जवळजवळ नाही. फक्त तो फिजिशियन नेमाने यायला हवा.

हात बसवायला मात्र मोबाईल निरुपयोगी.

फिरती नर्स

माझा कौल इकडे आहे, हे सांगून टाकतो.

नवजात बाळाच्या गृहभेटी घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी जायचं. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे बेचाळीसही होत नाहीत. त्या भेटीत ताप बघायचा, वजन करायचं, श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर धोका. ऐकायला पाच मिनिटांचं काम.

प्रत्यक्षात बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, खोलीत अंधार, आजी म्हणते उघडं करू नको, वारा लागेल. दुपटं सोडलं की बाळ रडायला लागतं आणि रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही. आईला पाजायला सांगायचं, ते शांत व्हायची वाट बघायची, मग पोटाची हालचाल मोजायची, पूर्ण साठ सेकंद. अर्ध्या मिनिटात मोजून दुप्पट करायचा मोह होतो आणि तिथेच चूक होते, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. बरोबर आलेली नर्स इथे फक्त एवढं म्हणते, "परत मोज गो. घड्याळाकडे मी बघते, तू पोटावरची नजर हलवू नको." दोघींचे आकडे जुळेपर्यंत मोजायचं. असं तीन-चार घरी झालं की ती आशा पुढे एकटीने मोजते, आणि आजीला काय सांगून गप्प करायचं हेही तिने ऐकलेलं असतं. हे कोणत्या व्हिडिओत येणार?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये आलं आणि पुढे २०११ मध्ये गृहभेटींचा कार्यक्रम देशभर झाला. सगळे त्या ६२ टक्क्यांबद्दल बोलतात. त्या प्रयोगात दर पंधरवड्याला कुणीतरी गावात जाऊन नोंदी तपासत होतं, चुका तिथल्या तिथे सुधारत होतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे उभं केलं, त्यातही गावच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला केंद्रावर जमत आणि शिकत राहत. एकदाच शिकवून सोडून दिलं, असं यशाचं उदाहरण मला तरी माहीत नाही. सरकारी व्यवस्थेत हे काम गटप्रवर्तक ताईंकडे आहे. पण एका गटप्रवर्तकाकडे वीस-पंचवीस आशा आणि त्यांच्या अहवालांचे गठ्ठे, तेव्हा घरोघरी बरोबर जाणं मागे पडतं. नेमकी ही फट मंडळाच्या पैशाने भरता येते.

फिरत्या नर्सचे तोटेही आहेत. पगार दरमहा द्यावा लागतो, एका देणगीवर भागत नाही. निवृत्त झालेली जाणती आरोग्यसेविका मिळाली तर सोनं, पण तिचे गुडघे चढ चढायला तयार असतीलच असं नाही. नवी मुलगी घेतली तर वीस वर्षं काम केलेल्या आशाताई तिचं ऐकत नाहीत. आणि स्वभाव तपासणीसाचा असला तर सगळंच बिघडतं. आशाताई तिला बघून रजिस्टर लपवायला लागल्या की समजा, माणूस चुकला.

आणखी एक इशारा आपल्याच किनाऱ्यावरून. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंटिया यांनी सत्तरच्या दशकात अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. काम उत्तम चाललं, पण स्थानिक सत्ताकारणाला ते रुचलं नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. म्हणून मंडळाने स्वतःची वेगळी 'आरोग्य सखी' वगैरे नेमू नये. नर्स मंडळाची असली तरी तिने पीएचसीच्या मासिक सभेला बसावं, डॉक्टर आणि गटप्रवर्तक यांच्या संमतीने फिरावं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र हातात येईपर्यंत भरती करू नका.

नर्सिंगला मुलगी पाठवणं

भावनेला पटतं. नर्सिंगच्या एएनएम या अभ्यासक्रमाला दोन वर्षं, त्यापुढच्या जीएनएमला तीन. पण शिकून ती गावात परत येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तिला मुंबईत चांगली नोकरी मिळाली तर तिने ती घ्यावीच. हे तिच्या शिक्षणासाठी करा, गावच्या आरोग्याच्या खात्यावर मांडू नका.

मग पैसा कसा वाटायचा

तीन वर्षांची हमी देता येत असेल तर फिरती नर्स, साधारण पंधरा-वीस आशांमागे एक. त्याच्या जोडीला पावसाआधीचं एक दिवसाचं सर्पदंश आणि बाळाला श्वास देण्याचं प्रात्यक्षिक, आणि सीएचओंसाठी पंधरवड्याचा ऑनलाइन तास. हमी एकाच वर्षाची असेल तर नर्स नेमूच नका. लोकांना सवय लावून मध्येच काढून घेण्यापेक्षा प्रात्यक्षिक करा आणि उरलेला पैसा साहित्यावर आणि प्रवासावर घाला.

साहित्य म्हणजे नव्या बॅगा आणि टोप्या नव्हेत. डिजिटल थर्मामीटरचा बटनासारखा सेल संपतो, तो वाडीतल्या दुकानात मिळत नाही, आणि पुढचे कितीतरी महिने ताप हाताच्या अंदाजाने बघितला जातो. बाळाच्या वजनकाट्याची स्प्रिंग सैल पडते. एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी टांगून बघितली की काट्याचं खरंखोटं कळतं, ही युक्ती प्रत्येकीला सांगा. बीपीच्या यंत्राचा पट्टा फाटतो. तालुक्याच्या गावी एका मेडिकलवाल्याकडे मंडळाचं खातं उघडून ठेवलं आणि सेल, पट्टे, काटे तिथून चिठ्ठीवर मिळायला लागले, तर त्याला लागणारी रक्कम शिबिराच्या मांडवापेक्षा कमी असते. प्रवासाचे पैसे मात्र रोख आणि त्याच दिवशी द्या. फेरीबोटीचं तिकीट आणि रिक्षा जोडून, कारण एसटीच्या दराने हिशेब केला की खाडीपलीकडची ताई दर वेळी पदरचे घालते, आणि तिसऱ्या खेपेला येत नाही.